तळे हे आश्रयस्थान नव्हे

हौसेने पाळलेले लाल कानाचे कासव मोठे झाले, की ते हेब्बाळसारख्या तळ्यात सोडून देणे कित्येकांस दयेचे कृत्य वाटते. वस्तुतः ती दया नव्हे. हा प्राणी मूळचा अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातला. विकत घेताना तो नाण्याएवढा असतो. पुढे वीतभर वाढतो व वीस-तीस वर्षे जगतो. तळ्यात तो देशी कासवांचे अन्न आणि उन्हात बसण्याच्या जागा बळकावतो. म्हणूनच युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात थांबविली. ज्यास तो सांभाळवत नाही, त्याने तो जाणत्या पालकाच्या किंवा बचावकेंद्राच्या हाती द्यावा. तारांकित कासव मात्र वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये वनखात्याच्याच स्वाधीन केले पाहिजे. प्राणी घरी आणण्यापूर्वी त्याच्या आयुष्यमानाचा विचार करणे, हीच खरी भूतदया होय.