काळा कोट जरा आधी चढवा!

बाजारकुणंगच्या पोराने शाळेत मारामारी केली, की लगेच त्याला गुन्हेगार ठरवायचे काय? 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो, मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय. 2016 चे आदर्श नियम सांगतात, गुन्हा अतिगंभीर नसेल, सोबत प्रौढ नसतील, तर एफ.आय.आर. नको, ठाण्याच्या डायरीत नोंद करावी, घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाला द्यावा. पण कन्नड कागदावर आंगठा उठवणाऱ्या मराठी बापाला हे सांगणार कोण?

1987 च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक मुलाला मोफत वकिलाचा हक्क दिला. वकीलसाहेब, मंडळापुढेच प्रथम भेटलात तर उशीर झाला! आधी शाळेत जा, मुख्याध्यापकांशी बोला, ठाण्यात बापाच्या भाषेत कायदा समजावा. खटला जिंकण्यापेक्षा तो उभाच राहू न देणे, हीच खरी वकिली!