कार्डावरची लक्ष्मी

आपल्या बेळगाव-निपाणी भागात सरकारी योजनांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "फुकट देऊन देऊन लोकांना आळशी केलंय बघा." म्हणणाऱ्या बायका बहुतेक खात्यापित्या घरच्या, पंचकल्याणक पूजेत सवाल घेणाऱ्या. त्यांना माझं सांगणं, योजना सुधारायला हव्यातच, पण या कारणासाठी नव्हे. खोट घेणाऱ्या बाईत नाही, देण्याच्या रीतीत आहे.

गृहलक्ष्मीच घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली, महिना २,००० रुपये. कुणाला? रेशन कार्डावर जी कुटुंबप्रमुख, तिला. घरटी एकीलाच. सासू प्रमुख असेल तर पैसे सासूला. सून पहाटेपासून राबली तरी तिचं नाव खालीच. नवरा वारल्यावर माहेरी आलेली मुलगी भावाच्या कार्डावर चढली, तरी प्रमुख आई नाहीतर वहिनी. टाकलेल्या बाईचं तर बोलूच नका. तिचं नाव नवऱ्याच्या कार्डावर आणि ती माहेरच्या पडवीत. नवरा आयकर नाहीतर जीएसटी भरत असेल तर त्याची बायको बाद. त्याच्या गल्ल्यातलं तिच्या हातात काय येतं, हे कुणी विचारत नाही.

दूधगंगा ओलांडून कागलला गेलं की २०२४ ची लाडकी बहीण, १,५०० रुपयांची. तिथं विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता यांची वेगळी नोंद आहे, हे चांगलं. पण अविवाहित बाई घरटी एकच. दोघी बहिणी लग्नावाचून राहिल्या, तर सरकारची लाडकी कोणती?

आता जुनी विधवा पेन्शन बघा. केंद्राचा वाटा ३०० रुपये, २०१२ पासून तेवढाच, तोही चाळिशीनंतर आणि दारिद्र्यरेषेखाली असेल तर. राज्यं आपली भर घालतात म्हणून ती चालते. मतांसाठी काढलेल्या योजना हजारांत आणि जिला कुणी नाही तिची पेन्शन शेकड्यांत, हा कुठला न्याय?

"पैसा आणायचा कुठून?" असं विचाराल. गृहलक्ष्मी दारिद्र्यरेषेवरच्या कार्डालाही मिळते. म्हणजे काही सुस्थितीतल्या घरांतही सासूबाईंच्या खात्यावर दोन हजार येतात, आणि त्याच शेजारणीला फुकटी म्हणतात! त्यांनी आधी स्वतः उतरावं.

बदल काय हवा ते स्पष्ट सांगते. पैसा कार्डाच्या नव्हे, बाईच्या नावावर आणि तिची गरज बघून द्या. टाकलेल्या बाईकडं कोर्टाचा कागद मागू नका. गावात चौकशी करून तिचं म्हणणं धरा. पेन्शन दरवर्षी महागाईबरोबर वाढवा. आणि लक्ष्मी, बहीण असली नावं पुरे झाली. ओवाळणी भावाची मर्जी फिरली की थांबते. हक्क असा थांबवता येत नाही.

आहारदानाला आपण दारात हात जोडून उभ्या राहतो. तिथं घेणाऱ्याचा मान मोठा, देणाऱ्यानं नम्र व्हायचं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. मग गरजू बाई तलाठ्यापुढं मान खाली घालून उभी राहते, तेव्हा आपल्याला काहीच का वाटू नये?

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या गल्लीत कुठल्याच कार्डावर जिचं नाव पहिलं नाही आणि जिला मिळकतही नाही, अशा बायकांची यादी करा. जात-समाज न बघता करा. मग ती यादी घेऊन सगळ्या मिळून तहसीलदार कचेरीत जा. आळशी कोण, ते तिथं कळेल.