तपासणी म्हणजे जाच नव्हे



श्रम संहितांमुळे कारखानदारांमागचा 'इन्स्पेक्टर राज'चा ससेमिरा सुटला, असा आनंद गेल्या अंकातील पत्रात व्यक्त झाला आहे. वर्धा जिल्ह्याचा अनुभव वेगळेच सांगतो. 20 नोव्हेंबर 2018 रोजी पुलगावजवळ सोनेगाव (आबाजी) येथे जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला. सहा जणांचा जीव गेला. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारी मजूरही होते. 3 फेब्रुवारी 2021 ला भूगावच्या पोलाद कारखान्यातील अपघातात तीसहून अधिक कामगार जखमी झाले.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या संहितांनी नियुक्तिपत्र आणि चाळिशीपुढील कामगारांची मोफत वार्षिक आरोग्य तपासणी बंधनकारक केली, हे स्वागतार्हच. पण 1970 च्या मूळ कंत्राटी कामगार कायद्यात 20 कामगारांपासून मिळणारे संरक्षण आता 50 पासून सुरू होते. जोखमीचे काम तर अनेकदा छोट्या ठेकेदाराकडेच असते! हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये तोंडाला ओढणी बांधून कापसाच्या धुळीत राबणाऱ्या बायांना नियुक्तिपत्र मिळाले की नाही, हे निरीक्षक आल्याशिवाय कळणार कसे? धोक्याच्या कामांची अचानक तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल फाटकावर मराठीत लावावा.

— एक वाचक, वर्धा