गणपती आणि गणसेवक

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस ज्या मूर्तींची घरोघरी प्राणप्रतिष्ठा होते, त्यांपैकी कितीतरी मूर्ती पेण व पेणलगतच्या हमरापूर, जोहे या गावांतील कारखान्यांतून आलेल्या असतात. शाडूचा गोळा हाती घेतल्यापासून डोळ्यांची आखणी होईपर्यंत ती मूर्ती अनेक हातांतून जाते आणि अखेर पाटावर बसून कोणा अपरिचिताच्या घरची धनी होते. पूजा सांगताना आपण तिला द्वादश नामांनी आळवतो. त्यांत गणाध्यक्ष हे एक नाम आहे. अध्यक्ष हा शब्द आपल्या मंडळांच्या घटनेत पुष्कळ उशिरा आला. देवाच्या नावात तो केव्हाचा आहे.

विनायक या शब्दातही नेतृत्वच आहे. ‘नी’ धातूचा अर्थ नेणे. जो विशेष रीतीने नेतो तो विनायक, अशी एक व्युत्पत्ती. ज्याच्यावर दुसरा नायक नाही तो विनायक, अशी दुसरी. परंतु पूजेच्या वेळी सहसा न सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. मानवगृह्यसूत्रात जे चार विनायक येतात ते विघ्नहर्ते नव्हेत, विघ्नकर्ते आहेत. त्यांनी ज्याला पछाडले त्या राजपुत्राला राज्य मिळत नाही आणि विद्वानाला शिष्य मिळत नाहीत. याज्ञवल्क्यस्मृतीतही विनायकाकडे गणांचे आधिपत्य आणि विघ्ने उभी करण्याचे काम एकाच श्वासात सोपविलेले आहे. नेता हाच गणाच्या वाटेतील धोंडा होऊ शकतो, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

हे आज लिहिण्यास कारण आहे. लोकमान्यांनी 1893 च्या सुमारास ज्या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले त्या उत्सवाची मंडळे आज आळीआळीत आहेत, आणि कीर्तनाच्या निमित्ताने त्यांतील पुष्कळांच्या मंडपात आम्हांस उभे राहावे लागते. एका गावी, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, एकाच आळीत पन्नास पावलांच्या अंतरावर दोन मंडप आम्ही पाहिले. गणपती एकच होता. अध्यक्ष होऊ इच्छिणारे दोन झाले. वर्गणी वाटली गेली, ध्वनिक्षेपक एकमेकांवर रोखले गेले, आणि आरतीला कोणत्या मंडपात जावे या संकोचाने म्हातारीकोतारी माणसे घरीच बसली. मुलेबाळेही हे सर्व पाहत असतात. ती उद्या उत्सवापासून दूर गेली तर दोष काळाचा म्हणावयाचा की आपला?

या दुखण्यावर औषध शोधताना आम्ही आज एका अनपेक्षित दारी जात आहोत. ते दार ख्रिस्ती शुभवर्तमानाचे आहे. गणेशचतुर्थीच्या पानावर हे काय, असे कोणी म्हणेल; तथापि पेण तालुक्यातील गागोदे या गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेला एक विनायक त्या दारी आमच्या आधी जाऊन आलेला आहे. विनायक नरहरी भावे, म्हणजेच आचार्य विनोबा. गीता समश्लोकी मराठीत आणणाऱ्या, नित्य उपनिषदांत रमणाऱ्या या पुरुषाने नव्या करारातील वेचे निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले. त्याने त्यांचे हिंदुत्व उणे झाले नाही. आपलेही होणार नाही.

कीर्तनकारास तर ते दार मुळीच परके नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी 1861 साली जन्मलेले नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पण कीर्तन त्यांनी सोडले नाही. येशूची कथा त्यांनी टाळ-मृदंगाच्या साथीनेच मराठी माणसापुढे मांडली. पुढे 1917 साली मिशनच्या पगारी सेवेतून ते बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने त्यांनी नवी वाट धरली. वेतनाचा आधार सोडून लोकांपुढे उभे राहणे म्हणजे काय, हे कीर्तनाच्या बिदागीवर संसार चालविलेल्यांस वेगळे सांगावयास नको.

आता आख्यान. योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात ते आहे. वल्हांडण सण जवळ आलेला. येशू आणि त्याचे बारा शिष्य रात्रीच्या भोजनास बसले आहेत. त्या देशी पायांत वहाणा, रस्ते धुळीचे. घरी आलेल्याचे पाय धुणे हे घरातील सर्वांत खालच्या दासाचे काम. त्या रात्री तेथे दास नव्हता, आणि बारांपैकी एकही उठला नाही. लूकने तर असे नोंदविले आहे की त्याच भोजनाच्या वेळी, आपणांत मोठा कोण, यावर शिष्यांचा वाद जुंपला होता. मंडळाच्या सर्वसाधारण सभेत बसलेल्यास हे चित्र ओळखीचे वाटेल. येशूने वाद मिटविला नाही. तो उठला, अंगावरील वस्त्र उतरवून ठेवले, कमरेस पंचा गुंडाळला, घंगाळात पाणी ओतले आणि एकेकाचे पाय धुऊन पंचाने पुसू लागला. पेत्राची पाळी आली तेव्हा तो पाय मागे घेऊ लागला. गुरूने शिष्याचे पाय धुवावेत हे त्यास सहन होईना. येशूने त्यास सांगितले की हे नाकारशील तर माझ्यात तुझा वाटा राहणार नाही. मग तो वस्त्रे घालून पुन्हा बसला आणि म्हणाला की, तुम्ही मला गुरू म्हणता ते योग्यच आहे, पण गुरूने जे केले तेच तुम्ही एकमेकांसाठी करावयाचे आहे.

हे ऐकताच आपल्या मनात राजसूय यज्ञ उभा राहतो. सभापर्वाच्या प्रचलित पाठात युधिष्ठिराने कामे वाटून दिल्याचे वर्णन आहे: भोजनव्यवस्था दुःशासनाकडे, दानदक्षिणा कृपाचार्यांकडे, खर्च विदुराकडे, आलेले नजराणे स्वीकारणे दुर्योधनाकडे. आणि ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम श्रीकृष्णाने आपण होऊन घेतले. पुढे अग्रपूजेचा मान कोणाचा, असा प्रश्न निघाला तेव्हा भीष्मांनी त्याच श्रीकृष्णाकडे बोट दाखविले. कीर्तनात आम्ही येथे टाळ्या घेतो.

परंतु दोन्ही कथा एकच आहेत असे म्हणून येथेच थांबणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. श्रीकृष्णाने ज्यांचे पाय धुतले ते पूज्य म्हणून आलेले होते. सुदाम्याचे धुतले, तो दरिद्री खरा, पण ब्राह्मण आणि गुरुबंधू. आपल्याकडे पाद्य नेहमी खालून वर जाते: शिष्याकडून गुरूला, यजमानाकडून अतिथीला. योहानाच्या आख्यानात ते पाणी वरून खाली आले आहे. एवढेच नव्हे, त्या बारांत यहूदाही होता. तो काही घटकांत आपणास शत्रूच्या हाती देणार, हे जाणूनच येशूने त्याचेही पाय धुतले. आपल्या अध्यक्षांपैकी विरोधी गटातील माणसाचे उष्टे ताट कितीजण उचलतील? जे घ्यावयाचे ते या भेदातून घ्यावयाचे आहे.

कोणी म्हणेल की ज्यांच्या हाती हे शुभवर्तमान होते त्यांनी तरी ते कोठे पाळले? आक्षेप खरा आहे. रोह्याची कुंडलिका जेथे समुद्रास मिळते त्या मुखावर रेवदंडा आणि कोर्लई येथे पोर्तुगीजांचे किल्ले 1740 पर्यंत होते, आणि त्याच सत्तेने गोव्यात 1560 पासून चालविलेले धर्मन्यायालय कायमचे बंद होण्यास 1812 साल उजाडले. रोमचे पोप स्वतःस देवाच्या सेवकांचे सेवक म्हणवीत आले, आणि त्यांच्या पालख्या माणसेच वाहत राहिली. परंतु वैद्याने पथ्य मोडले म्हणून औषध खोटे ठरत नाही. आपल्याकडेही समतेची वचने गाणाऱ्यांनी देवळाची दारे बंद ठेवलीच होती.

विनोबांनी हे औषध नुसते वाचले नाही. नेतृत्वाचा काळ सरला, आता गणसेवकत्व हवे, हा शब्द त्यांनीच घडविला. एकाने पुढे चालावे आणि बाकीच्यांनी मागे, हे त्यांस नको होते. साऱ्या गणाने मिळून सेवक व्हावे ही त्यांची कल्पना. गणपती या नावाची इतकी सरळ मराठी टीका आम्ही दुसरी वाचलेली नाही. पौनारच्या ब्रह्मविद्या मंदिरात त्यांनी निर्णय सर्वसंमतीने घेण्याची रीत घातली, आणि 1951 पासून तेरा वर्षे देश पायी तुडविताना कोणतेही पद घेतले नाही. फिलिपीन्स या ख्रिस्तीबहुल देशातून दिला जाणारा लोकनेतृत्वाचा मॅगसेसे पुरस्कार 1958 साली प्रथम दिला गेला तो त्यांना. ज्यास नेतृत्व हा शब्दच नकोसा, त्यासच तो मान मिळाला.

येथे मात्र विनोबांविषयीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयास हवी. 1956 च्या अखेरीस त्यांनी भूदानाच्या समित्याच विसर्जित केल्या. हेतू थोर होता. पण मिळालेल्या जमिनीची मोजणी, वाटप, कागदपत्रे पाहणारी माणसे पुष्कळ ठिकाणी उरली नाहीत, आणि लाखो एकर जमीन वाटपावाचून पडून राहिली. विनम्र नेत्याचेही काम हाताखालच्या घडीवाचून अडते.

त्यावरचा उपाय त्याच ग्रंथाच्या जुन्या करारात, निर्गमाच्या अठराव्या अध्यायात आहे, आणि तो रोहेकरांस परका वाटू नये. रोह्यासमोरच्या अष्टमीत, पेणला, अलिबागेस आपले बेने इस्राएल शेजारी, शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे, पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. आपल्याच कीर्तनपद्धतीने ते एकोणिसाव्या शतकात आपल्या पूर्वजांच्या कथा मराठीत गाऊ लागले. त्या कथांतला मोशे सकाळपासून रात्रीपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवीत बसे. त्याचा सासरा इथ्रो भेटीस आला, दिवसभर पाहत राहिला आणि म्हणाला की हे बरे नव्हे, तूही झिजशील आणि लोकही ताटकळतील. प्रामाणिक, लाच न घेणारी माणसे निवड; हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर एकेक नेम; फार अवघड तेवढेच तुझ्याकडे येऊ दे. मोशेने जावयाची ऐट न दाखविता सासऱ्याचे ऐकले. मंडपापासून प्रसादापर्यंत सर्व काही आपल्याच मुठीत ठेवणाऱ्या अध्यक्षांनी या सासऱ्यास एकदा घरी बोलवावे.

रोह्याच्याच पुत्राने ही घडी बसवून दाखविली. 19 ऑक्टोबर 1920 रोजी तेथे जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवारात भक्तिफेरीस जाणारा स्वखर्चाने जातो, ज्या गावी जातो तेथले अन्नही घेत नाही. योगेश्वर कृषीच्या शेतात मालक नसतो. गावकरी पाळीपाळीने पुजारी म्हणून राबतात. मत्स्यगंधा होडीवर खलाशीही तसेच पाळीने जातात. जे पिकते ते कोणा एकाचे नव्हे, ती अपौरुषेय लक्ष्मी. ज्याची पाळी संपली तो घरी जातो, दुसरा नांगर धरतो. 1996 साली लोकनेतृत्वाचा मॅगसेसे पुरस्कार दादांना मिळाला आणि 1997 साली टेम्पल्टन पुरस्कार, जो एका श्रद्धावान ख्रिस्ती गृहस्थाने स्थापिला आणि 1973 साली प्रथम मदर तेरेसांना देण्यात आला. पेण आणि रोहा येथील दोन कोकणस्थ शास्त्र्यांच्या कामात ख्रिस्ती जगाला आपलेच शुभवर्तमान ओळखू आले, असे आम्ही समजतो.

राहिले विसर्जन. विनोबांनी आपल्या बालपणाची एक आठवण सांगून ठेवली आहे. गागोद्यास आजोबा गणपतीची मूर्ती चंदनाची करीत. मुले चंदन उगाळीत बसत. इतक्या कष्टाची मूर्ती पुढे पाण्यात सोडावयाची याचे मुलांना वाईट वाटे. शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान हेच करतो: येशूकडे लोक वळू लागले तेव्हा, त्याची वाढ व्हावी आणि आपण लहान होत जावे, असे तो आपल्या चाहत्यांस समजावतो. ज्यांचे बालपण रोह्यात गेले त्या चिंतामणराव देशमुखांनी 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. 1959 चा शासनसेवेचा मॅगसेसे पुरस्कार त्यांच्याकडे आला तो त्यानंतर. आणि आपल्या मंडळांत एकेक अध्यक्ष वीस-वीस वर्षे विसर्जनावाचून बसलेला असतो.

अनंत चतुर्दशीनंतर मंडळांच्या सभा भरतील, जमाखर्च वाचला जाईल आणि पुढच्या वर्षाची नावे सुचविली जातील. आमची सूचना इतकीच, की अध्यक्षपद दोन वर्षांहून अधिक एकाकडे असू नये, जमाखर्चाचा कागद मंडपाच्या जागी महिनाभर लावलेला असावा, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निर्माल्य गोळा करून जागा झाडण्याचे काम घटनेतच मावळत्या अध्यक्षाच्या नावे लिहून ठेवावे. झाडू मंडळाने द्यावा.