आज्याची रापी

एम.ए.चा निकाल लागला त्या आठवड्यात आजीनं लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. उलगडलं तर रापी. चामडं कापायची, तासायची. मूठ घामानं काळी पडलेली, पातं घासून घासून निम्मं उरलेलं. "तुह्या आज्याची हाये. चामडं कापाले नाही देत, याद ठेवाले देतो," ती म्हणाली.

आजोबा भंडारा जिल्ह्यातून भिलाईला आले, तेव्हा सोव्हिएत मदतीनं इथला पोलाद कारखाना उभा राहत होता. पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. गावात त्यांना जातीच्या नावानं हाक मारत. इथं हजेरीपटावर त्यांचं पूर्ण नाव लागलं. तरी रापी त्यांनी फेकली नाही. ठेकेदाराचं काम सुटलं की त्याच पात्यावर चूल पेटायची.

खरं सांगते, आधी मला लाज वाटली. मी ती पुस्तकांमागे सरकवली. मग एका ओळखीच्यांनी सुचवलं, "विश्वकर्मा योजनेचा फॉर्म भर, अवजारांना पंधरा हजार मिळतात." तेव्हा लाजेची जागा रागानं घेतली.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या केंद्रीय योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात आमचाही. कारागिराला अवजार आणि स्वस्त कर्ज मिळावं, यात वाद नाही. वाद आहे तो कुटुंबातून चालत आलेला धंदा बळकट करण्याच्या तिच्या उद्देशाशी. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी मुलांना अर्धा वेळ शाळा आणि अर्धा वेळ घरचा धंदा दिला होता. प्रचंड विरोध झाला आणि पुढच्याच वर्षी ती योजना गुंडाळावी लागली. जात कामाची नव्हे, काम करणाऱ्या माणसांची जन्मावरून उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं होतं.

आजोबांचं कसब मला नाकारायचं नाही. ते माझ्या कपाळी लिहिलेलं आहे, हे मात्र मी नाकारते. उद्या एखाद्या ब्राह्मणाच्या मुलीनं आवडीनं रापी धरली आणि कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत, तर त्या धंद्याला मी परंपरा म्हणेन.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही घरी माळ्यावर एखादी रापी, वस्तरा किंवा विळा असेल. तो लपवू नका, शोभेला भिंतीवरही टांगू नका. घरची म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा: यावर दिवसाला किती मिळायचे? कोण पैसे बुडवायचं? पाणी कोण वरून ओतायचं? आणि ते लिहून काढा. माझी रापी आता पदवीच्या फाइलमध्ये आहे. शेजारच्या वहीत आजीची पहिली चार पानं झाली आहेत.

जय भीम.