डावा हात, उजवा हात

कल्पित कथा वाचून मुलांचा अभ्यास बुडतो, अशी कित्येक पालकांची तक्रार आमच्या कानीं येते. आम्हीही एकदां एका मुलाच्या हातून असें पुस्तक काढून घेतलें होतें. त्याची आज लाज वाटते.

पुस्तकांत डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा होती. तींत उजव्या हातानें चेंडू टाकणारा खेळाडू एकाएकीं डावरा होतो. जणूं आरशांतील प्रतिमाच मैदानावर उतरते. त्याचा उलगडा मोबियसच्या पट्टीशीं जाऊन पोहोंचतो. कागदाच्या पट्टीस अर्धा पीळ देऊन टोकें चिकटवावीं, कीं तिला एकच बाजू उरते; घरीं करून पाहावें.

पुस्तक परत नेतांना मुलानें विचारलें, “गुरुजी, त्या गोलंदाजाला दम कोठून मिळणार?” प्रश्न बिनतोड होता. साखरेच्या रेणूंसही डावें-उजवें असतें. ग्लुकोजच्या एका रूपापासून शरीरास शक्ति मिळते. त्याचें आरशांतील रूप जिभेस गोड, पण शरीरास निरुपयोगी. उलटलेल्या माणसाची गत नेमकी विरुद्ध. काष्टीच्या उसाचा रस पोटभर पिऊनही तो बिचारा उपाशीच राहील! पाठ्यपुस्तकावरून असा प्रश्न आम्हांस अद्याप कोणीं विचारलेला नाहीं.

तो किती षटकें टिकेल, याचा वाद आमच्या वर्गांत अजून चालू आहे.