‘इक्रा’ आणि तिसरीतले मूल

असरची नमाज झाली की आमच्या मोहल्ल्यात रमजानचा खास आवाज सुरू होतो. इफ्तारला तास-दीड तास असतो. एका घरातून आजीचा संथ स्वर येतो, दुसऱ्या घरातून दहा वर्षांच्या मुलाचा भरभर. सगळे कुरआन वाचत असतात. रमजान म्हणजे उपवास, खजूर आणि शीरखुर्मा एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण हा वाचनाचाही महिना आहे. इस्लामी परंपरेनुसार याच महिन्यात मक्केजवळच्या हिरा गुहेत पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना पहिला संदेश मिळाला. त्याचा पहिला शब्द होता ‘इक्रा’, म्हणजे वाच, पठण कर. ज्यांना तो मिळाला, त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते.

या शब्दावर दर रमजानमध्ये भाषणे होतात. पण वाचता येणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपण क्वचित विचारतो. मला तो माझ्या अम्मीमुळे पडला.

अम्मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. कुरआन ती न अडखळता वाचायची. उर्दूही छान वाचायची. मराठी मात्र बोलता येई, वाचता येत नसे. बसस्थानकावर पाटीसमोर उभी राहून ती विचारायची, ‘‘भाऊ, ही गाडी कुठली?’’ एकदा नात्यातल्या कुणाच्या कर्जाच्या कागदावर तिने विश्वासाने उर्दूत सही केली. ती जामीनदाराची सही होती, हे घरी वसुलीची नोटीस आली तेव्हा कळले. त्या एका सहीपोटी घराचे दोन वर्षांचे गणित कोलमडले.

त्यानंतर शेजारच्या काकूंनी तिला मराठी शिकवायला घेतले. अम्मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती आणि पुस्तक माझ्या धाकट्या बहिणीचे, बालभारतीचे. काकू शिक्षिका नव्हत्या. पण अम्मीने एक ओळ वाचली की त्या पुस्तक मिटायच्या आणि म्हणायच्या, ‘‘आता सांगा भाभी, काय लिहिलंय?’’ सांगता आले तरच पुढची ओळ.

काकूंच्या या सवयीचे मोल मला पुढे उर्दू आणि मराठी या दोन्ही लिप्यांशी रोजचा संबंध आल्यावर समजले. उर्दू लिहिताना ऱ्हस्व स्वरांच्या खुणा सहसा देत नाहीत. त्यामुळे ‘इस’ आणि ‘उस’ हे दोन्ही शब्द त्याच दोन अक्षरांनी लिहिले जातात. कोणता शब्द आहे ते वाक्याच्या अर्थावरूनच ठरते. अर्थ कळल्याशिवाय उर्दू नीट वाचताच येत नाही. कुरआनची छापील प्रत मात्र जेर-जबर अशा सगळ्या खुणांसह असते. त्यामुळे अरबी न समजणारे मूलही ती बिनचूक वाचते. आपली देवनागरीही तशीच. काना, मात्रा, वेलांटी सगळे समोर दिसते. चौथीतले मूल ‘अधोस्वाक्षरीकर्ता’ हा शब्द अडखळत का होईना, वाचून दाखवील. अर्थ मात्र सांगू शकणार नाही. लिपी जितकी सोपी, तितकी फसगतीची शक्यता जास्त. मूल वाचतेय असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते आवाज काढत असते.

आता शाळांकडे वळू. ग्रामीण भारतातील मुलांची घरोघरी जाऊन पाहणी करणारा ‘असर’ हा अहवाल अनेकांना माहीत असेल. त्याच्या २०२४च्या पाहणीत सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. कोरोनानंतर २०२२मध्ये हा आकडा १६.३ टक्के होता, २०१८मध्ये २०.९. म्हणजे घसरण भरून निघाली, किंचित प्रगतीही झाली. याचे श्रेय शिक्षकांना द्यायलाच हवे. तरीही चारपैकी तीन मुले मागेच आहेत. आणि ही चाचणी प्रामुख्याने ओघाने वाचता येते का, एवढेच पाहते. काकूंचा प्रश्न विचारला तर आकडा कुठे जाईल?

तिसरीच का महत्त्वाची? तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते आणि चौथीपासून वाचून शिकते. परिसर अभ्यास, इतिहास, गणितातली शाब्दिक उदाहरणे, सगळे वाचनावर उभे असते. अभ्यासक्रम पुढे जातो आणि न वाचणारे मूल एकाच नव्हे, सगळ्याच विषयांत मागे पडते. म्हणूनच केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. २०२६-२७पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट. त्यात ‘समजून’ हा शब्द आहे, ही चांगली गोष्ट. पण मुदत जवळ आली की यंत्रणा तक्ते भरण्याच्या मागे लागते आणि नेमका हाच शब्द गळून पडतो.

यात घरच्या भाषेचाही प्रश्न आहे. घरी दखनी बोलणारे मूल मराठी शाळेत जाते, तसेच घरी बंजारा, भिली किंवा गोंडी बोलणारेही जाते. अक्षरे ती लवकर उचलतात, अडतात शब्दांच्या अर्थाशी. अशा मुलाला ‘मठ्ठ’ म्हणणे सोपे असते. त्याच्या भाषेत दोन वाक्ये समजावून सांगायला वेळ लागतो.

मोठ्यांसाठीही प्रयत्न सुरू आहेत. ‘उल्लास’ या नवभारत साक्षरता कार्यक्रमाची चाचणी महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी झाली, योगायोगाने रमजानच्या पहिल्याच आठवड्यात. नातवंडे शाळेत जाण्याच्या वयाच्या बायका वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी दीडशे गुणांची परीक्षा द्यायला बसल्या. ही मोठी गोष्ट आहे. पण परीक्षेनंतर त्यांच्या हातात वाचायला काय येते? १९५९मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने गावेच्या गावे साक्षर केली, याचा आपल्याला अभिमान आहे. तरी सराव सुटला की मोठेपणी शिकलेली अक्षरे पुसट होतात. आज तर फोन बोलून दाखवतो, निरोप आवाजातच येतात. मग वाचायचे कशाला, असे वाटू शकते. माझ्या वर्गातले पदवीचे विद्यार्थी शिष्यवृत्तीची एक पानी सूचना घेऊन येतात आणि विचारतात, ‘‘सर, यात काय लिहिलंय?’’ अक्षरे त्यांना येतात. कागदाचे त्यांना भय वाटते. उद्या यांच्याच पुढे कर्जाचा करार येणार आहे, फोनवर ‘मान्य आहे’ हे बटण येणार आहे. माझ्या अम्मीने न वाचता सही केली. आपण अंगठा टेकवतो, इतकाच फरक.

रमजानच्या सतराव्या तारखेशी आणखी एक आठवण जोडलेली आहे. हिजरी सन २मध्ये या दिवशी बद्रची लढाई झाली. परंपरा सांगते की, खंडणी देऊ न शकणाऱ्या पण लिहिता-वाचता येणाऱ्या कैद्यांना सुटकेसाठी एक अट घातली गेली : मदिनेतल्या दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवा. हे कैदी कालपर्यंत रणांगणात समोर उभे होते. त्यांचा धर्म वेगळा होता. तरी मुलांसमोर ते शिक्षक म्हणूनच बसले.

आपल्या गावात तर कुणी कैदी नाही, शत्रूही नाही. निवृत्त शिक्षक आहेत, महाविद्यालयात जाणारी मुले आहेत, दुपारी थोडी सवड असलेल्या आया आहेत. असर ते मगरिब या वेळेत एखाद्या मुलाला, मग ते कुणाच्याही घरचे असो, एक पान वाचायला लावायला अर्धा तास पुरतो. सदका केवळ पैशांचाच असतो असे नाही, वेळेचाही असतो. आणि हे काम ईदनंतरही चालू ठेवता येते. शाळेने करायचे ते शाळेने करावेच, सरकारकडे हिशोबही मागावा. पण तिसरीतल्या मुलाचे वर्ष आपल्यासाठी थांबत नाही.

अम्मी आता थकली आहे. पहाटे सेहरीनंतर कुरआन वाचते आणि उजाडल्यावर चष्मा लावून हेच वर्तमानपत्र. काकू राहिल्या नाहीत. पण नातू एखादी बातमी धडाधड वाचून मोकळा झाला की अम्मी पेपर मिटते आणि त्याला विचारते, ‘‘आता सांग, काय लिहिलंय?’’